नेहमीचंच ना?

सन २०४१ मध्ये इचलकरंजीत माणसांचे दोन पक्ष होते आणि त्यांचा निवडणुकीशी काही संबंध नव्हता. एक तत्परवाले, दुसरे साक्षीवाले. कॉम्प्युटरच्या पोटात नखाएवढा तुकडा असतो, ज्याला आपण प्रोसेसर म्हणतो आणि ज्याच्यात सगळा विचार चालतो, तो बनवणाऱ्या दोनच कंपन्या तेव्हा बाजारात टिकून होत्या. एकीचा तत्पर, दुसरीचा साक्षी. तालमीत, चहाच्या गाड्यावर, यंत्रमागांच्या खडखडाटातसुद्धा लोक यावरून हमरीतुमरीवर येत.

"तुझा साक्षी म्हणजे बैलगाडी, मर्दा!"

"असू दे की. तुझा तत्पर म्हणजे आगाऊ जावई. विचारायच्या आधीच बोलतंय!"

संपदा मगदूम या भांडणात पडत नसे. तिचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि दोन्ही कंपन्यांचा माल ती सारख्याच ममतेनं ठेवत असे. गिऱ्हाईक काउंटरवर हात टेकून विचारी, "ताई, कुठला घेऊ?" संपदाचं उत्तर ठरलेलं असे: "तुम्हाला क-काय करायचंय, त्यावर आहे."

बोलताना ती अधूनमधून अडखळे. चाळिशीत पोचली तरी ते पुरतं गेलं नव्हतं. लहानपणी तर एकेक शब्द तिला विहिरीतून पाणी शेंदावं तसा शेंदून काढावा लागे.

गिऱ्हाईक जिज्ञासू असलं, तर ती त्याला दुकानाच्या दारात नेई आणि समोरचा शिवाप्पाचा चहाचा गाडा दाखवी.

"ते बघा, पाटील स्कूटर लावायलेत. अजून गाड्यापाशी पोचलेसुद्धा नाहीत, आणि शिवाप्पानं त्यांचा चहा ओतला. का? तर पाटील रोज चहाच घेतात. आज त्यांनी कॉफी मागितली, तर ओतलेला चहा फेकावा लागेल. पण शंभरात नव्वद वेळा अंदाज बरोबर येतो आणि वेळ वाचतो. प्रोसेसर कितीतरी वर्षांपासून हेच करत आलेत. पुढं दोन वाटा फुटत असतील, तर प्रोसेसर थांबत नाही. बहुतेक अशीच वाट असेल असं धरून पुढचं काम उरकून ठेवतो. चुकलं तर ते टाकून देतो."

"मग दोघांत फरक काय?"

"पूर्वीचा प्रोसेसर कामाचा अंदाज बांधायचा. तत्पर माणसाचा अंदाज बांधतो. तुम्ही काय लिहिणार, काय मागणार, काय बोलणार, ते तुमच्या सवयींवरून शिकत जातो. आणि ते शिकणं त्याच्या अंगातच कोरलेलं असतंय, बटण दाबून बंद करता येत नाही. साक्षी तसलं काही करत नाही. तुम्ही सांगेपर्यंत गप्प बसतो."

एवढं ऐकून दहापैकी नऊ जण तत्पर घेत. कापडाची नक्षी काढणारे मात्र साक्षी नेत, कारण एक धागा इकडचा तिकडे झालेला त्यांना चालत नसे. संपदाच्या स्वतःच्या काउंटरवर साक्षीच होता. का, ते तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

*

श्रावणात एका सकाळी मृदुला चौगुले दुकानात आली. शाळेत ती संपदाच्या एक वर्ष पुढं होती. आता वस्त्र अभियंता होती. पण संपदाच्या लेखी तिची पहिली ओळख एकच, चौगुले सरांची मुलगी.

भूपाल चौगुले सरांनी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. चार महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, डावा हात आधीपासूनच कापणारा. डोकं शाबूत होतं, शब्दही शाबूत होते. जिभेला आणि ओठांना हुकूम तेवढा पोचत नव्हता.

"अक्षरांचा तक्ता करून बघितला," मृदुला म्हणाली. "मी एकेका अक्षरावर बोट ठेवायचं, त्यांनी डोळे मिटायचे. एका वाक्याला अर्धा तास. शेवटी मीच वैतागून वाक्य पुरं करते आणि ते दुसरीकडं बघायला लागतात. गळ्याला बांधायचा तो पट्टा निघालाय म्हणे?"

निघाला होता. माणूस बोलायला बघतो तेव्हा आवाज फुटला नाही, तरी गळ्याचे स्नायू बारीक थरथरतात. पट्टा ती थरथर टिपतो, कॉम्प्युटर तिचे शब्द करतो, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांवरून त्या माणसाच्याच आवाजात बोलून दाखवतो. पट्टा कुठल्याही प्रोसेसरला जोडता येई. प्रश्न तोच, तत्पर की साक्षी.

"तुला काय करायचंय?" संपदानं सवयीनं विचारलं.

"अण्णांशी बोलायचंय गं. अजून काय? चार महिने झाले, घरात त्यांचा आवाज नाही."

"मग तत्पर घे. साक्षीवर एकेका शब्दाला मिनिटं लागतील. तत्परला सरांचे धडे, डायऱ्या, पत्रं, सगळं दे. पहिली थरथर झाली की पुढचं तो ओळखेल."

त्याच संध्याकाळी संपदानं सरांच्या घरी कॉम्प्युटर जोडला. सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. समोरच्या भिंतीवर फळा होता. निवृत्तीनंतर गल्लीतली मुलं त्यांच्याकडं येत, त्यांच्यासाठी लावलेला. संपदानं त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली एक बटण ठेवलं.

"सर, तत्पर काही भलतंच बोलला तर हे दाबायचं. तो वाक्य मागं घेईल आणि दुसरं काढेल."

पट्टा बांधला. सरांचा गळा किंचित हलला, आणि खोलीत तो आवाज आला, खर्जातला, शेवटी थोडा वर चढणारा, सातवी अ-च्या वर्गातला.

"संपदा, ये बाळ. बस. चहा घेतेस ना?"

मृदुलानं तोंडावर पदर धरला. त्या आवाजानं संपदा थेट अकरा वर्षांची झाली.

अकरा वर्षांच्या संपदाला वर्गात कुणी प्रश्न विचारत नसे. विचारून उपयोग काय? उत्तर येईपर्यंत तास संपायचा. चौगुले सरांनी मात्र पहिल्याच आठवड्यात विचारलं, "पाणी उकळताना पहिले बुडबुडे कुठून येतात? संपदा, तू सांग." ती उभी राहिली. शब्द घशात अडकला. मागं कुणीतरी खुसखुसलं. आणि सरांनी पाठ फिरवली, डस्टर उचलला आणि फळा पुसायला लागले. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, अगदी कोपऱ्यांपर्यंत. तिच्याकडं कुणाचं लक्ष राहू नये आणि तिला हवा तेवढा वेळ मिळावा, यासाठी. "त-त-तळातून, सर," ती म्हणाली, तेव्हाच ते वळले. "शाब्बास. का बरं तळातून?"

वर्षभर हे असंच चाललं. फळा पुसायच्या आधीच कोरा असायचा, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती आठवीत गेली होती.

*

तीन महिने फार छान गेले. सरांचे जुने विद्यार्थी भेटायला येत, सर प्रत्येकाची चौकशी करत. गल्लीतली मुलं पुन्हा फळ्यासमोर बसू लागली आणि तत्परच्या तोंडून सरांचा जुना धडा जसाच्या तसा ऐकू लागली. संपदाच्या दुकानात येऊन लोक म्हणू लागले, "चौगुले सरांकडं आहे तसला द्या."

दर तीन महिन्यांनी कॉम्प्युटर तपासायचा, ही संपदाची पद्धत होती. ठरल्याप्रमाणे ती गेली. तत्पर स्वतःचा अहवाल स्वतःच तयार करी. त्यात पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत अभिनंदन होतं: पहिल्या आठवड्यात वापरकर्त्यानं दिवसाला चाळीस वेळा वाक्यं मागं घेतली. दुसऱ्या महिन्यात दिवसाला पाच वेळा. गेल्या एकोणीस दिवसांत एकदाही नाही. अंदाज परिपूर्ण.

"बघितलंस?" मृदुला चहाचे कप घेऊन आली. "आता एकही चूक नाही. आणि बरं झालं बाई वेळेवर बोलायला लागले ते. कोइमतूरच्या संशोधन संस्थेतून मला बोलावणं आलंय, तुला सांगितलं का मी? ज्या कामाची दहा वर्षं वाट बघत होते, नेमकं तेच. पण अण्णांना विचारलं, तर म्हणाले, 'तू जवळ असलीस की बरं वाटतं, बाळ.' मग काय! सोमवारी नको म्हणून कळवणार आहे."

हे तिनं हसत सांगितलं.

तिनं सरांच्या ओठांना चहा लावला. सरांनी घोट घेतला. गळा हलला.

"चहा छान झालाय," तत्पर म्हणाला.

संपदा सरांकडं बघत होती. त्यांचे डोळे कपावर नव्हते, मृदुलावर नव्हते. समोरच्या फळ्यावर होते. डावा हात मांडीवर उताणा पडला होता. अंगठा बटणापासून चांगला वीतभर लांब होता आणि बटणावर धुळीचा पातळ थर साचला होता.

तो थर बघून संपदाला बेळंकेंचं किराणा दुकान आठवलं.

आई तिला सामान आणायला पाठवी. बेळंके भला माणूस. पोरीला बोलायला त्रास होतो हे त्याला माहीत होतं. ती दारात दिसली की तोच मायेनं विचारी, "नेहमीचंच ना?" आणि चहापूड, साखर, साबण पिशवीत घालू लागे. एकदा घरी पाहुणे येणार होते, आईनं तूप आणि वेलदोडे सांगितले होते. संपदानं दुकानाच्या पायरीपर्यंत दोन्ही शब्द घोकत नेले होते. बेळंके म्हणाला, "नेहमीचंच ना?" आणि तिनं मान हलवली. घरी बोलणी खाल्ली. पुढच्या वेळीही तेच झालं. आई सगळ्यांना सांगे, पोरगी विसरभोळी आहे. संपदा कधीच विसरली नव्हती. एवढ्या मायेनं विचारणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणण्यापेक्षा मान हलवणं सोपं होतं, एवढंच.

ती पुन्हा अहवाल वाचू लागली. हळूहळू तिच्या लक्षात आलं की ते आकडे दुसऱ्या बाजूनंही वाचता येतात. तत्परनं एक अंदाज बांधायचा. सरांनी तो मागं घ्यायचा. मग तत्परनं दुसरा अंदाज बांधायचा, तोही त्याच जुन्या डायऱ्यांमधून, तितकाच गोड. तोही मागं घ्यायचा. मग तिसरा. शेवटी अंगठा थकायचा. आणि बटण दाबलं नाही की तत्पर समजणार, आपलं बरोबर आलं! मग तेच वाक्य पुढच्या वेळी आणखी लवकर येणार. मैदानातून चार माणसं एकाच रेषेत चालली की पायवाट पडते आणि मग पाचव्याचे पाय आपसूक तिकडेच वळतात, तसं. पक्षाघातापूर्वीचे चौगुले सर तत्परला पाठ होते. पक्षाघातानंतरच्या सरांना त्यानं बोलूच दिलं नव्हतं.

आणि दुकानात संपदानं तो ठरलेला प्रश्न विचारला होता, तुला काय करायचंय म्हणून. पण कुणाला? मृदुलाला. वापरणारे सर होते. त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

"मृदुला," ती म्हणाली, "मी उद्या स-साक्षी घेऊन येते. एक दुपार दे मला."

मृदुलाचा चेहरा बदलला. "म्हणजे? चालतंय ते चांगलं चालतंय की."

"सर बोलत नाहीयेत गं. तत्पर बोलतोय."

"काहीतरीच! हा त्यांचाच आवाज आहे, त्यांचेच शब्द आहेत. मी लेक आहे त्यांची, मला कळत नाही?" तिचा आवाज चढला. "चार महिने मुक्या घरात राहिले मी, संपदा. तू पुन्हा त्यांना मुकं करणार? आणि तेसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं म्हणून?"

"चूक माझी आहे. मी दिला तत्पर. एकच दुपार. नाही पटलं तर तुझ्यासमोर परत जोडून देते."

"राहू द्या गं, भांडू नका," सरांच्या आवाजात तत्पर म्हणाला.

दोघींनी एकदमच वळून बघितलं. सर फळ्याकडे बघत होते.

*

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी चारच्या सुमाराला संपदानं साक्षीचा कॉम्प्युटर जोडला, पट्टा त्यात लावला आणि पदरानं बटण पुसून सरांच्या अंगठ्याखाली ठेवलं.

"सर, हा अंदाज बांधत नाही. तुम्ही जेवढी अक्षरं काढाल तेवढीच पडद्यावर येतील. वाक्य संपलं की बटण दाबायचं, मगच तो बोलेल. तोपर्यंत ह-हा गप्प." तिनं खुर्ची पुढं ओढली. "मी त्या दिवशी विचारायला हवं होतं. आज विचारते. तुम्हाला काय करायचंय?"

सरांनी तिच्याकडं बघितलं. बऱ्याच दिवसांनी थेट बघितलं. गळा हलला. पडदा कोराच राहिला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. बाहेर कुणाचा तरी माग खडखडत होता. पडद्यावर 'भ' उमटला.

"भूक?" मृदुला पुढं वाकली. "अण्णा, भूक लागली? का भाकरी—"

सरांनी डोळे मिटून घेतले. संपदानं मृदुलाच्या मनगटावर हात ठेवला. मग ती उठली, फळ्यापाशी गेली, डस्टर उचलला आणि फळा पुसायला लागली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. फळा कोराच होता. पाठीमागं मृदुलाचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि सरांचाही, जरा घरघरणारा. तिनं मागं बघितलं नाही. कोपरे पुसले. खालची खडूची पट्टी पुसली. पुन्हा वरून सुरुवात केली.

बटण वाजलं.

"भांडायचंय," साक्षी म्हणाला.

मृदुला थक्क होऊन बघत राहिली. मग एकदम हसली आणि हसताहसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "भांडा की! माझ्याशीच ना? कशावरून भांडायचंय?"

यालाही वेळ लागला, पण थोडा कमी. मृदुला ओठ घट्ट दाबून बसली होती.

"चहा गोड," साक्षी म्हणाला. आणि मिनिटभरानं, "फार."

"अहो, पण तुम्हाला दोन चमचे लागते ना साखर? आयुष्यभर—"

सरांच्या डाव्या गालावर काहीतरी हललं. आजारपणानं चव बदलली होती. तीन महिने रोज दोनदा ते तो पाक गिळत होते आणि त्यांचाच आवाज वर छान झालाय म्हणून दाद देत होता. मृदुला हातातल्या कपाकडे बघत राहिली. साखरेवरून तिचं मन पुढं कुठं गेलं, ते संपदाला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"अण्णा," ती सावकाश म्हणाली, "कोइमतूरचं... ते तुम्ही म्हणाला होता ना, मी जवळ असले की..."

सरांचा गळा हलला. बराच वेळ हलत राहिला. पडद्यावर 'जा' उमटलं.

पुढं काही येईना. मृदुला त्या अक्षराकडे टक लावून बसली. तिच्या मनात काय चाललंय ते संपदाला कळत होतं. 'जाऊ नकोस'ची सुरुवातही तीच होते. तत्पर असता तर त्यानं केव्हाच उरलेलं वाक्य पुरं करून टाकलं असतं, मायेनं, सरांच्या आवाजात. मृदुलाचे ओठ उघडले, आणि तिनं ते पुन्हा मिटले. सरांचा अंगठा कापत बटणाकडे सरकत होता. बटणाच्या कडेला अडला. पुन्हा सरकला.

बटण वाजलं.

"जा," साक्षी म्हणाला.

मृदुलानं डोळे पुसले. मग ताठ बसली, आणि खरोखरच भांडायच्या सुरात म्हणाली, "जा म्हणे! सोपं आहे होय? मी गेल्यावर तुमचं कोण बघणार? पथ्य, औषधं, तुमची ती शिकवणी? सांगा ना. विचार केलाय का काही?"

सरांच्या डोळ्यांत संपदाला ओळखीची चमक दिसली. अवघड प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडं बघताना यायची, ती. त्यांच्यापाशी उत्तर होतं. लांबलचक असावं. गळा हलू लागला.

तत्परचा डबा संपदानं पिशवीत घातला. उद्या दुकानात तो परत घ्यावा लागणार होता, आणि तसले आणखी किती डबे कुणाकुणाच्या घरी दिलेत, तेही एकदा जाऊन बघायला हवं होतं. चप्पल घालताना तिनं मागं वळून बघितलं.

पडद्यावर अजून एकही अक्षर नव्हतं. मृदुला क्षणभर खुर्चीत चुळबुळली. मग उठली, सरांकडं पाठ केली आणि डस्टर घेऊन तो कोरा फळा पुसायला लागली.